हळू टाकलेलं फूल

फरीदाबादच्या सेक्टर १२ मधलं टाउन पार्क सकाळी सहालाच गजबजतं. गेल्या रविवारी तिथे विशी-बाविशीतला एक तरुण वडिलांबरोबर बॅडमिंटन खेळत होता. डाऊन सिंड्रोम असलेला. फूल चुकलं की तो स्वतःवर चिडायचा, आणि वडिलांनी मुद्दाम हळू टाकलं की त्यांच्यावर! हळू टाकलेलं त्याला बरोब्बर कळत होतं.

डाऊन सिंड्रोम म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, म्हणून २१ मार्च हा अशा माणसांचा जागतिक दिवस. स्नायू जरा सैल, सांधे लवचिक, वजन वाढायला वेळ लागत नाही. तेव्हा हालचाल हवीच. कोलांटउड्या मारण्याआधी तेवढं मानेबद्दल डॉक्टरांना विचारावं. पण आपण खेळाचाही उपचार करून टाकतो. थेरपी झाली, शिकवणी झाली, की उरलेली संध्याकाळ टीव्हीसमोर. निव्वळ मजेसाठी घाम गाळायला त्यांना कोणी बोलावतच नाही.

डाऊन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या गौरी गाडगीळ मात्र पोहायला शिकल्या, स्पर्धांत उतरल्या, आणि २०१४ च्या ‘यलो’ चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. पदकांचं कौतुक आहेच. पण मला हेवा वाटतो तो त्यांच्या पाण्याशी जमलेल्या गट्टीचा.

तर, पार्कात वडील दमून बाकावर टेकले. मुलानं इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरी रॅकेट सरळ माझ्या हातात दिली. मी हळू टाकलं नाही. एकवीस-नऊनं हरलो.