सर्वानुमते मंजूर

आमच्या घरात सगळे निर्णय सर्वानुमते होतात. म्हणजे सौ. निर्णय सांगते, मी मान हलवतो आणि मुलं टीव्हीतून डोकं काढत नाहीत. न बोलणं म्हणजे होकार, या तत्त्वावर आमचा संसार अठरा वर्षं सुरळीत चालला आहे. ही पद्धत फक्त आमच्याच घरची, असा माझा समज होता. धारणीला बदली झाली आणि तो समज गेला.

धारणीची बदली म्हटली की अमरावतीतले नातेवाईक निरोपाला येतात. परतवाडा सुटलं की घाट, मग सेमाडोह, मग हरिसाल, आणि अंगातली सगळी हाडं जागेवर आहेत की नाहीत हे चाचपेपर्यंत धारणी. "वाघांपासून जपा हं," असं प्रत्येकानं बजावलं होतं. वाघ मला एकदाही दिसला नाही. सभा मात्र पुष्कळ दिसल्या.

गावाचं भविष्य गावानंच ठरवावं, यासाठी २०१५ साली आपल्या राज्यात 'आमचा गाव, आमचा विकास' हा उपक्रम निघाला. त्यात धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रातले. तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला आणखी वजन दिलेलं. कागदावर ग्रामसभेला जितका मान आहे, तितका मला सासुरवाडीत दिवाळसणालाही मिळाला नव्हता.

अशाच एका ग्रामसभेला शाखाधिकाऱ्यांनी मला पाठवलं. बँकेच्या योजना सांगायच्या आणि चहा पिऊन परत यायचं, एवढंच काम. सरपंच होते, ग्रामसेवक होते, मास्तर होते, तालुक्याहून आलेले दोन साहेब होते. जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला होता. साहेब काठीनं भविष्य दाखवत होते. तेवढ्यात एक बकरी नियोजित समाजमंदिरावरून चालत गेली आणि तिनं मुख्य रस्ता पुसला. तिचा आक्षेप मात्र कुणी नोंदवला नाही.

माझं अक्षर बरं, म्हणून प्रोसिडिंग लिहायचं काम माझ्याकडे आलं. साहेब मराठीत विचारत, सरपंच मराठीत उत्तर देत आणि समोर बसलेली कोरकू मंडळी शांत बसत. प्रत्येक ठरावाखाली मी वळणदार अक्षरात 'सर्वानुमते मंजूर' लिहीत गेलो. चौथ्या ठरावापर्यंत हात इतका सरावला, की पाचवा ठराव काय आहे हे ऐकायच्या आतच मी तो मंजूर करून टाकला.

तेव्हा मागून एक म्हातारी उठली आणि कोरकूत काहीतरी बोलली. माणसं हसली. साहेबही हसले, कारण सगळे हसत होते. शेजारच्या पोराला मी विचारलं, "काय म्हणाल्या रे आजी?"

"बुढी म्हनते का, मांगच्या वक्ताले सांगतलं, थे कुठी गेलं?"

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पोरांची शाळा बुडते, तिथे रपटा बांधा, असं तिनं आदल्या वर्षीच्या सभेत सांगितलं होतं. मी जुनं प्रोसिडिंग उघडलं. रपट्याचं नाव नव्हतं. 'सर्वानुमते मंजूर' होतं, आणि खाली तिचा अंगठा होता.

तो अंगठा बघून मी जरा गप्प झालो. बँकेत अंगठा घ्यायचा तर कागद आधी वाचून दाखवतात, साक्षीदार लागतो. इथे बाईचं बोलणं गळलं होतं आणि अंगठा तेवढा उरला होता.

मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञान म्हणून आम्हाला एकच गोष्ट शिकवली: जो घेतो त्याचं खातं नावे, जो देतो त्याचं जमा. माणसाला त्याचं मत विचारलं, की आपण त्याच्याकडून काहीतरी घेतो. न विचारणारा उर्मट असेल, पण विचारून विसरणारा चक्क देणेकरी आहे. बँकेत शंभर रुपये भरले तर मी शिक्का मारून पावती देतो. दहा वर्षं खात्याकडे कुणी फिरकलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण तिथूनही खातेदाराला ती परत मागता येते. म्हातारीच्या रपट्याला मात्र एका वर्षात वारस उरला नाही.

सरपंच म्हणतील, प्रत्येकाचं ऐकलं तर प्रत्येकाच्या दारात डांबरी रस्ता न्यावा लागेल. खरं आहे. पण ठेव घेणं म्हणजे मागेल ते देणं नव्हे. कर्ज नाकारलं तरी आम्हाला कारण लेखी कळवावं लागतं. 'नाही' हेही उत्तर आहे. 'सर्वानुमते' हे उत्तर नाही.

आणि हे जमत नाही, असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात. एखाद्याचं पटत नसेल तर चर्चा पुढे चालू राहते. लांब कशाला, आमच्याच अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड टेकडीवर झाडं वाढवली, सीताफळं विकली आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. तिथेही माणसंच राहतात. फरक इतकाच, की ती एकमेकांचं बोलणं संपू देतात.

त्या दिवशी मी पाचव्या ठरावाखालची ओळ खोडली, बँकेच्या सवयीनं बाजूला सही केली आणि लिहिलं, 'मागील वर्षी सुचवलेल्या रपट्याचे काय झाले, अशी विचारणा एका महिला सभासदाने केली.' साहेबांचा चहा कडू झाला असावा. पोरानं ती ओळ आजीला कोरकूत सांगितली. तिनं अंगठा उमटवण्याआधी ती त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतली. आमच्या खातेदारांपैकी निम्मे तरी इतके सावध असते तर!

रपटा झाला का, असं तुम्ही विचाराल. अजून नाही. पण पुढच्या सभेत त्यावर पहिला विषय म्हणून अर्धा तास भांडण झालं, असं कळलं. भांडण झालं म्हणजे खातं चालू आहे.

घरी आलो तो मोठ्या उत्साहात. टीव्ही बंद केला आणि विचारलं, "मे महिन्यात कुठे जायचं? प्रत्येकानं आपलं मत सांगा."

सौ. नं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. धाकटी मात्र शांतपणे म्हणाली, "बाबा, मागच्या वर्षी मी समुद्र सांगितला होता."

मी मुकाट्यानं उठलो आणि वही शोधायला लागलो.