दोन बिंदूंची सरळ रेषा

अहवाल वाचला. बांधणी सुरेख, मुखपृष्ठ रंगीत, आभारात माझं नाव सर्वांत वर. ते आधी खोड. या कामाशी माझं नाव जोडायची माझी तयारी नाही.

पीएच ९ ला मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचं पाण्यातलं अर्धायुष्य तू ७.४३ तास लिहिलं आहेस. खाली ठळक अक्षरांत ‘आर-वर्ग १.०००’. मला वाटलं, एवढा देखणा आलेख आहे तर नीट बघावा. बिंदू किती? दोन. एक शून्य तासाचा, एक चोवीस तासांचा. अरे, दोन बिंदूंतून सरळ रेषा जाणार नाही तर काय जाईल? आणि दोनच नमुने का, तर तू पीएच ४, ७ आणि ९ च्या तिन्ही बाटल्यांना एकच वेळापत्रक लावलंस: आज, उद्या, परवा, पाचवा दिवस. परवापर्यंत पीएच ९ च्या बाटलीत मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

काम सुरू करायच्या आधी तासभर वाचनालयात बसला असतास तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या कागदपत्रांत हेच आकडे मिळाले असते. २५ अंशांना मॅलॅथिऑनचं अर्धायुष्य पीएच ५ ला सुमारे १०७ दिवस, ७ ला सुमारे सहा दिवस आणि ९ ला जेमतेम बारा तास. म्हणजे एका बाटलीला महिनाभर धीर धरायचा आणि दुसरीपाशी घड्याळ घेऊन बसायचं. पदार्थ १० टक्के संपल्यापासून ९० टक्के संपेपर्यंतच्या पट्ट्यात किमान सहा नमुने हवेत, असं ओईसीडीची जलअपघटनाची १११ क्रमांकाची पद्धत सांगते. २००४ साली सुधारलेली ती पद्धत तू संदर्भसूचीत पहिलीच टाकली आहेस. टाकायला हरकत नाही, उघडायलाही हरकत नव्हती.

आता त्या ७.४३ चं मूळ. चोवीस तासांचा नमुना तू सकाळी ११ वाजता काढलास, तुझ्या वहीत लिहिलंय. एचपीएलसीच्या नोंदीत त्याच व्हायलचं इंजेक्शन आहे रात्री ११.४० चं. मधले बारा तास चाळीस मिनिटं ती व्हायल ऑटोसॅम्पलरच्या ट्रेमध्ये पडून होती, आत तोच पीएच ९ चा बफर. व्हायलमध्ये घातलं म्हणून विघटन थांबतं असं तुला कोणी शिकवलं? मी तरी नाही. काढलेल्या नमुन्यात लगेच मोजून आम्ल घालायचं, पीएच खाली आणायचा, म्हणजे विघटन रेंगाळतं. नाहीतर त्याच मिनिटाला इंजेक्ट करायचं. तू मोजलंस छत्तीस तासांचं विघटन आणि भागलंस चोवीसनं. म्हणून बाराचे साडेसात झाले. त्यावर दोन दशांश स्थळांचा थाट! जिथे पहिला अंकच चुकलाय तिथे दशांशाचं कौतुक कोणाला?

आणि ते पीएच ९ तरी ९ होतं का? मीटर तू ४ आणि ७ च्या बफरवर लावलास आणि त्याच भरवशावर ९ वाचलास. ९.१८ चा बफर त्याच कपाटात वरच्या खणात आहे, सील न फोडलेला. शेवटच्या दिवशीचा पीएच तर कुठे लिहिलेलाच नाही. बोरेट बफरची बाटली सैल बुचानं ठेवली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच उतरतो. तो नुसता ०.३ नं उतरला तर हायड्रॉक्साइड निम्म्यावर येतं, आणि आम्लारीत मॅलॅथिऑन तोडणारं हायड्रॉक्साइडच, म्हणजे वेगही निम्मा. एवढं लॉगॅरिदम अकरावीच्या पोरालाही येतं.

पीएच ७ ची बाटली. लिटरला २०० मिलिग्रॅम घातलंस. मॅलॅथिऑन पाण्यात विरघळतं लिटरला साधारण १४५. त्याच पद्धतीचा नियम सांगतो की विद्राव्यतेच्या निम्म्याहून जास्त घेऊ नये, म्हणजे फार तर सत्तर. न विरघळलेल्या थेंबाचं जलअपघटन होत नाही, तो तळाशी बसून राहतो आणि वरचं संपेल तसं हळूहळू विरघळून तुझा वेग खोटा पाडतो. हे तुला कळायला हवं होतं, कारण तुझ्याच वहीत तुझ्याच अक्षरात आहे: ‘द्रावण किंचित धुरकट.’ शून्य तासाला सापडले १४३. उरलेले ५७ कुठे गेले, हा प्रश्न पडू नये? तू धूर घालवायला मेथॅनॉल पाच टक्क्यांवर नेलंस. एक टक्क्याच्या वर गेलं की ती पाण्यातली चाचणी राहत नाही.

पण माझं डोकं खरं फिरलं ते पीएच ४ च्या पानावर. ‘पाच दिवसांत फक्त ८ टक्के घट, १० टक्क्यांपेक्षा कमी, सबब पदार्थ स्थिर.’ वा! तो दहा टक्क्यांचा नियम ५० अंशांचा आहे. ५० अंशांना पाच दिवस उकाड्यात ठेवून जो दहा टक्केही मोडत नाही, त्याचं २५ अंशांना अर्धायुष्य वर्षापेक्षा जास्त धरायचं आणि चाचणी तिथेच थांबवायची. तुझी बाटली होती ‘कक्ष तापमानाला’. पाच दिवसांत ८ टक्के म्हणजे अर्धायुष्य बेचाळीस दिवसांच्या आत. हे स्थिर? कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतो.

शिवाय ते ८ टक्के पाण्यानंच नेले कशावरून? वॉटर बाथमध्ये जागा नाही म्हणून ती बाटली तू खिडकीशी ठेवलीस, पांढऱ्या काचेची, एप्रिलच्या उन्हात. डिस्टिल्ड वॉटर घेतलंस आठवडाभर उघड्या असलेल्या कॅनमधलं, गाळलं नाहीस, उकळलं नाहीस. जिवाणूंना मॅलॅथिऑन आवडीनं खाता येतं. ऊन, जिवाणू, बदलतं तापमान आणि पाणी, चौघं मिळून एक पदार्थ खात होते आणि तू बिल एकट्या पाण्याच्या नावावर फाडलंस. निर्जंतुक बफर, अंधार, अर्ध्या अंशाच्या आत धरलेलं तापमान, द्रावणातून आधी सोडलेला नायट्रोजन, ही सोवळ्याची हौस नाही. हे पाणी सोडून बाकी सगळ्यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी आहे.

‘पदार्थ नाहीसा झाला’ असं तीन ठिकाणी लिहिलंयस. रसायनशास्त्रात काही नाहीसं होत नाही. पीएच ९ ला डायइथाइल फ्युमरेट आणि मॅलॅथिऑनचं मोनोकार्बॉक्सिलिक आम्ल मिळायला हवं. तुझ्या क्रोमॅटोग्रामवर साडेचार मिनिटांना जे शिखर वाढत जातंय, त्याला तू ‘अशुद्धी’ म्हणून मोकळा झालास. दिवसागणिक वाढणारी अशुद्धी कधी पाहिली आहेस? दहा टक्क्यांवर गेलेलं प्रत्येक उत्पादन ओळखायचं असतं.

तुला वाटत असेल, बाई उगाच कीस काढतात, एम.एस्सी.चा प्रकल्प, कोण वाचतंय. दख्खनच्या काळ्या कातळातल्या विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याचदा आम्लारीधर्मी असतं, पीएच आठच्या वर भेटतो. औषध संध्याकाळी कालवून पंप रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी त्यात किती शिल्लक असेल, याचं उत्तर असल्याच आकड्यांवरून काढतात. तुझ्या ‘पदार्थ स्थिर’वर विसंबलं तर फवारणारा औषधाचे पैसे देऊन पाणी मारेल, आणि कीड मेली नाही म्हणून पुढच्या वेळी दुप्पट मारेल.

सोमवारी साडेनऊला ये. मीटर आधी तीन बफरवर लाव, ९.१८ धरून. लिटरला पन्नास मिलिग्रॅमच घे, ओव्हनमध्ये तापवलेल्या काचेच्या बाटल्या, घट्ट बूच, बाहेरून अॅल्युमिनिअमची फॉइल. पीएच ९ चे नमुने शून्य, दोन, चार, आठ, बारा, अठरा आणि चोवीस तासांना, प्रत्येक वेळेला दोन-दोन बाटल्या. रात्रपाळीची परवानगी मी काढून ठेवते. पहिली प्राथमिक चाचणी ५० अंशांना, आणि तिथे पीएच ५० अंशांनाच मोज. बोरेट तापलं की खाली सरकतं, २५ अंशांचा आकडा तिथे चालत नाही. कच्ची वही शाईची हवी, खाडाखोड चालेल, व्हाइटनर चालणार नाही. जुन्या अहवालाची फाइल मात्र कॉम्प्युटरवरून पुसू नकोस, ७.४३ ची ती ओळ मला पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायची आहे.