आधी बसून हिशेब करा

शास्त्रभाग : लूक 14:25-33



बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पाया घातला, पैसा संपला आणि येणारेजाणारे हसू लागले. प्रभूचा मुख्य विषय शिष्यत्वाची किंमत हा होता. पण दाखला त्याने दगडविटांचा आणि पैशांचा घेतला. खर्चाचा अंदाज आधी करावा, ही गोष्ट ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही पटवून द्यावी लागत नव्हती. आज तोच दाखला घेऊन आपण एका कारखान्याच्या दाराशी जाऊ.

बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव वसाहतींत ओतकामाचे व मशीनिंगचे पुष्कळ लहान कारखाने आहेत. तेथील एक बंधू डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे हाताने चालवायच्या दोन मिलिंग मशीन आणि दोन कामगार आहेत. संगणकावर चालणारी, बारा वर्षे वापरलेली मिलिंग मशीन त्याला स्वस्तात मिळत आहे. कारखान्यात तिला व्हीएमसी म्हणतात. घर तारण ठेवायचे, मंडळीतील एका भावाने जामीन राहायचे आणि पुढच्या आठवड्यात सही करायची, असे ठरत आले आहे. त्याने काय करावे?

पहिली गोष्ट ही की, यंत्राची इच्छा धरणे हे पाप नव्हे. निर्गम 31 मध्ये बसालेलाच्या हातांना धातूचे व लाकडाचे कसब देवाच्या आत्म्याने दिले, असे आपण वाचतो. 1952 साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरील आकड्यांच्या आज्ञेने चालणारी मिलिंग मशीन दाखवली, तेव्हा तेही मनुष्याला मिळालेल्या त्याच बुद्धीचे काम होते. म्हणून प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नाही. ह्या घराला हे यंत्र झेपेल काय, हा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, बसून हिशेब करा. मशीनची किंमत म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. क्रेन व ट्रकचे भाडे, पक्का पाया, थ्री-फेज वीज, स्टॅबिलायझर, टूल-होल्डर, कटर, व्हाइस आणि प्रोग्राम लिहू शकणारा मनुष्य, हे सारे त्यात धरावे लागते. समजा, कर्जाचा हप्ता महिना 25,000 रुपये, ऑपरेटरचा पगार 20,000 आणि वीज, कटर, तेल, दुरुस्ती मिळून 15,000, एकूण 60,000. तासाला 300 रुपये मजुरी मिळत असेल, तर केवळ हा खर्च भागवण्यास 200 तासांचे काम हवे. महिन्यात 25 दिवस, दररोज पूर्ण आठ तास! घरच्या चुलीसाठी अजून एक रुपयाही उरलेला नाही. हातात आज चार तासांचेच काम असेल, तर उरलेले चार तास कोठून येणार? "देव देईल" असे म्हणण्यापूर्वी, ज्यांच्याकडून काम येणार त्या गिऱ्हाइकांना जाऊन विचारावे. विचारल्याने विश्वास कमी होत नाही.

तिसरी गोष्ट, नीट पारखून घ्या. नव्या रंगावर जाऊ नका. मशीन बंद असता सौदा करू नका. स्पिंडल पूर्ण वेगावर अर्धा तास फिरवा, आवाज ऐका, मग तापलेल्या बेअरिंगवर हात ठेवून पाहा. डायल लावून स्पिंडल किती हलतो ते मोजा. बॉलस्क्रूची झीज कंट्रोलमध्ये भरपाईचा आकडा घालून काही अंशी झाकता येते. म्हणून एक वर्तुळ कापून घ्या. जेथे अक्ष दिशा बदलतो, तेथे वर्तुळावर चार खुणा उमटल्या तर आतली झीज बाहेर आली असे समजा. मशीनचे पॅरामीटर वेगळे जतन केले आहेत काय, हेही विचारा. कित्येक जुन्या कंट्रोलमध्ये ते बॅटरीच्या आधारावर टिकतात. बॅटरी संपली की मशीन आपली ओळखच विसरते.

येथे 1 शमुवेल 13 आठवा. इस्राएलात लोहार नव्हता. नांगराचा फाळ पाजवून आणण्यास शत्रूकडे जावे लागे आणि तो मागेल ते द्यावे लागे. ज्या मशीनच्या कंट्रोलचे सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्त करणारा जवळपास नाही, ती घेणाऱ्याची हीच गत होते. स्वस्त मशीन पहिल्याच बिघाडात महाग पडते.

सौदा करतानाही आपण ख्रिस्ताचे आहोत. नीतिसूत्रे 20:14 मधला गिऱ्हाईक मालाला नावे ठेवतो आणि घरी गेल्यावर आपल्या चतुराईची बढाई मारतो. आपण तसे करू नये. जो दोष आहे तो सांगून किंमत कमी मागावी. जो नाही तो रचू नये. आणि विकणारा आपल्यापैकी असेल, तर त्याने ठाऊक असलेला दोष लपवू नये.

आता सर्वांत कठीण गोष्ट. 2 राजे 6 मध्ये संदेष्ट्यांच्या शिष्याची कुऱ्हाड यार्देनेत पडली, तेव्हा ती मागून आणलेली म्हणून तो कळवळला. लोखंड बुडाल्याच्या दुःखापेक्षा दुसऱ्याचे बुडाल्याचे दुःख त्याला मोठे होते. जामीन राहणाऱ्या भावाचेही घर आहे, मुलीचे शिक्षण आहे. नीतिसूत्रे सहाव्या अध्यायात जामिनाविषयी कडक इशारा आहे. भिडेखातर सही मागू नये आणि भिडेखातर करू नये. हप्ते थकले तर काय होईल, हे ज्याला उघड सांगितले नाही त्याची सही घेणे म्हणजे त्याला फसवणे होय. तसेच त्या दोन कामगारांनाही आधीच बोलावून सांगावे. ज्याने वीस वर्षे हँडल फिरवले, त्याला धातूची आणि कटरची पारख आहे. त्याला शिकवून नव्या मशीनवर उभे करता येईल काय, हे त्याला काढण्याचा विचार करण्यापूर्वी पाहावे.

मग निर्णय काय? काम हाती असेल, यंत्र पारखलेले असेल, दुरुस्ती जवळ असेल आणि एक-दोन महिने काम कमी आले तरी हप्ता निघेल अशी शिल्लक असेल, तर देवाचे उपकार मानून घ्यावे. नाहीतर "आज नाही" असे म्हणावे. ह्या नकारात लाज नाही. पाया घालण्यापूर्वी थांबणाऱ्याला कोणी हसत नाही. तोवर अशा मशीनवरचे काम दुसऱ्याकडून मजुरीने करून घेता येते. त्यावरून आपल्याला खरोखर किती तासांची गरज आहे हेही कळते.

संडे स्कूलच्या शिक्षकांनो, मोठ्या मुलांच्या वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडा. त्यांतील काही उद्या ह्याच कामात शिरतील. त्यांना हेही सांगा की, यंत्रासाठी इतका विचार करणाऱ्याने प्रभूच्या मागे जातानाही खर्चाचा विचार करावा. कारण तेथे तो आपल्या सर्वस्वाचा त्याग मागतो, आणि पाया घालून मागे फिरणारे तेथेही पुष्कळ आहेत.

हे प्रभू, आमच्या हातांच्या कामाला यश दे. आम्हांला हिशेबात प्रामाणिक, सौद्यात सत्य आणि शेजाऱ्याच्या घराविषयी जागरूक ठेव. आमेन.