प्रथमोपचाराचे शिक्षण : वस्तुतंत्र आणि पुरुषतंत्र

अकोट हे वऱ्हाडातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव असून दिवाळीनंतर हंगाम भरात आला की तेथील जिनिंगमध्ये कापसाची रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रे सुरू होतात. त्यामुळे प्रथमोपचाराचे, म्हणजे डॉक्टरांची मदत मिळेपर्यंत द्यावयाच्या तातडीच्या उपचाराचे, शिक्षण ऑनलाइन द्यावे की प्रत्यक्ष वर्गात, हा प्रश्न तेथे केवळ सोयीचा राहत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारी, कामाच्या वेळेत सदैव हाताशी असणारी प्रमाणपत्रधारक व्यक्ती असावी, असा दंडक घातला. संकटात सापडलेल्या देहाला हात लावण्याचा अधिकार, म्हणजे शास्त्राला अभिप्रेत असलेली पात्रता, या व्यक्तीला कशाने येतो?

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात केलेला एक भेद येथे मूलगामी ठरतो. ज्ञान वस्तुतंत्र असते, म्हणजे वस्तू जशी आहे तसेच ते होते; कर्म मात्र पुरुषतंत्र, म्हणजे कर्त्याच्या अधीन असते आणि ते करता येते, टाळता येते किंवा निराळ्या रीतीने करता येते. हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी, ही माहिती पहिल्या प्रकारची असून ती मोबाइलवर सवडीने, पुन्हा पुन्हा ऐकता येते. परंतु दाब तितका खोल गेला की नाही हे सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय उमगत नाही आणि कोपर वाकले तर ते शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकालाच दिसते.

यावर वऱ्हाडातूनच एक वजनदार आक्षेप उभा राहू शकतो. माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी ग्रंथ इतरांकडून वाचून घेऊन, केवळ श्रवणाच्या बळावर, त्यांनी अफाट विद्वत्ता संपादन केली. मग श्रवण अपुरे कसे? उत्तर असे की वेदान्ताचा विषय असलेला आत्मा ही सिद्ध, म्हणजे आधीच असलेली, वस्तू आहे, तर वाहते रक्त थांबवणे हे साध्य, म्हणजे अजून घडवून आणायचे, कार्य आहे.

यंत्राच्या रोलरमध्ये बोट तुटले तर आधी यंत्र बंद करणे, स्वच्छ कापडाने जखम दाबून धरणे, तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून बंद पिशवीत घालणे आणि ती पिशवी बर्फावर ठेवणे, बोट थेट बर्फावर कधीही न ठेवणे, हा क्रम पडद्यावरून पाठ होईल; आरडाओरड्यात तो टिकेल याची हमी पाठांतर देत नाही. म्हणून ऐकण्याचा भाग आधी ऑनलाइन उरकून वर्गाचे मोजके तास संपूर्णपणे हाताच्या कामाला द्यावेत, आणि केवळ मोबाइलवरील प्रश्नोत्तरे सोडवलेल्याच्या ताब्यात पेटी देऊ नये. हंगामी कामगार दरवर्षी बदलत असल्याने हा सराव हंगामाच्या आरंभीच, यंत्र बंद ठेवून, प्रत्येक पाळीत स्वतंत्रपणे घ्यावा. रात्रपाळीत पेटी सांभाळणाऱ्याला विचारायला दुसरा जाणकार बहुधा जवळ नसतो.