यंत्राचे अनुमान आणि भाषेचे ज्ञान

एखाद्याला भाषा येते हे दुसऱ्याला कशावरून कळावे, हा प्रश्न मुळात ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञानाची साधने आणि त्यांची विश्वसनीयता तपासणाऱ्या शास्त्राचा आहे. परक्याचे ज्ञान प्रत्यक्ष दिसत नाही. त्याच्या बोलण्यालिहिण्यातील खुणांवरून त्याचे अनुमानच करावे लागते. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या परीक्षा संगणक तपासू लागला आणि त्या गुणांवर परदेशातील प्रवेश व व्हिसा अवलंबून राहू लागले, तेव्हापासून हा जुना प्रश्न पुण्या-नागपुरातील हजारो घरांतही जाऊन पोहोचला आहे, जरी तेथे तो 'स्कोअर किती आला' एवढ्याच रूपात विचारला जातो.

संगणकाकडून निबंध तपासून घेण्याची कल्पना अमेरिकी संशोधक एलिस पेज यांनी 1966 मध्ये मांडली, आणि तिच्या मर्यादेची स्पष्ट जाणीवही त्यांच्याच परिभाषेत आढळते. लेखनाच्या अंगभूत गुणांना, म्हणजे ओघ, शब्दांची निवड, विचारांची मांडणी यांना त्यांनी 'ट्रिन' म्हटले, तर या गुणांच्या बदली यंत्राला मोजता येतील अशा खुणांना, उदाहरणार्थ निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी किंवा स्वल्पविरामांची संख्या यांना, 'प्रॉक्स' असे नाव दिले. नैयायिकांच्या, म्हणजे भारतीय न्यायशास्त्रातील तर्कपंडितांच्या, भाषेत प्रॉक्स म्हणजे हेतू (अनुमानाला आधार देणारी खूण), ट्रिन म्हणजे साध्य (जे सिद्ध करायचे ते), आणि त्या दोहोंना जोडणारा अव्यभिचारी साहचर्याचा नियम म्हणजे व्याप्ती. सारा प्रश्न ही व्याप्ती खरी आहे की नाही एवढाच उरतो.

न्यायशास्त्राने येथे एक सूक्ष्म दोष दाखवून ठेवला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष असते, परंतु अग्नीवरून धुराचे अनुमान फसते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. अग्नीपासून धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. अशा न सांगितलेल्या अटीला 'उपाधी' म्हणतात. लांब वाक्ये आणि दुर्मीळ शब्द यांवरून भाषाप्रभुत्वाचे अनुमान करताना अशीच एक अट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे लिहिणाऱ्याला काही सांगायचे होते म्हणून त्याने लिहिले. मोजमापाचा नियम विद्यार्थ्याला कळला आणि क्लासमध्ये त्याने तयार साचा पाठ केला, की खुणा जशाच्या तशा राहतात आणि अट मात्र गळून पडते. शिकवणारे आणि तपासणारे साधन एकाच जातीचे असेल तर हे अपवादाने नव्हे, नियमाने घडते, कारण यंत्राच्या सूचनेनुसार सराव करणारा विद्यार्थी भाषेपेक्षा यंत्राची आवड अधिक लवकर शिकतो.

वाक्यार्थ कळण्यासाठी पदांमध्ये आकांक्षा, म्हणजे परस्परांची अपेक्षा, संनिधी, म्हणजे जवळीक, आणि योग्यता, म्हणजे अर्थांचा अविरोध, या तिन्हींची गरज शास्त्रकारांनी सांगितली असून 'अग्नीने शिंपतो' हे योग्यता नसलेल्या वाक्याचे ठरलेले उदाहरण आहे, कारण व्याकरणात ते चोख बसते आणि अर्थात कोसळते. लेस पेरेलमन यांनी 2014 मध्ये विद्यार्थ्यांच्या मदतीने बनवलेला 'बेबल' नावाचा प्रोग्राम दोन-तीन शब्द दिले की अशाच वाक्यांचे निरर्थक पण भारदस्त निबंध तयार करीत असे, आणि निबंध तपासणाऱ्या यंत्रप्रणालींनी त्यांना वरचे गुण दिले. त्यानंतरची यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत. तरी वाक्य खरे की खोटे याची जबाबदारी त्यांच्यावर नाही, ही उणीव सुधारणेने भरून निघण्याजोगी दिसत नाही.

बोलण्याच्या परीक्षेत हा पेच अधिक ठळक होतो. 2009 मध्ये सुरू झालेल्या पिअर्सन टेस्ट ऑफ इंग्लिश या परीक्षेत एखादे चित्र किंवा आलेख पाहण्यासाठी 25 सेकंद आणि त्याचे वर्णन करण्यासाठी 40 सेकंद मिळतात, आणि बोलणारा तीन सेकंद गप्प राहिला तर ध्वनिमुद्रण थांबते. नेमका शब्द शोधण्यासाठी थबकणारा आणि शब्दच नसल्याने अडलेला, हे दोघे अशा व्यवस्थेत एकाच मापाने मोजले जातात, वास्तविक समोर बसलेल्या माणसाला त्यांच्यातील फरक चेहऱ्यावरूनही कळला असता.

मानवी परीक्षकही अनुमानच करतो, तो थकतो, उच्चारावरून ग्रह करून घेतो आणि सकाळी एक तर संध्याकाळी दुसरे गुण देतो, हा आक्षेप खरा आहे आणि समतेच्या दृष्टीने यंत्राची बाजू येथे भक्कमही आहे. तथापि परीक्षकाला शंका आल्यास तो उलट प्रश्न विचारू शकतो, म्हणजे हेतू संशयास्पद वाटला तर नवा हेतू मागू शकतो. निबंधाला गुण देणारे यंत्र पुढ्यात आलेल्या मजकुरावरच निवाडा करते. शिवाय ही यंत्रे बहुधा मानवी परीक्षकांच्या गुणांशी जुळवून घडवली जातात, त्यामुळे त्यांचा निकाल हे अनुमानाचेही अनुमान असते. नैयायिकांचे परतःप्रामाण्य, म्हणजे ज्ञानाची यथार्थता त्या ज्ञानाबाहेरील कसोटीवर ठरते हे मत, येथे सफल प्रवृत्तीची कसोटी सुचवते: पाणी दिसले हे खरे की मृगजळ, ते तहान भागल्यावर ठरते. उच्चार सुधारणारे ॲप या कसोटीला सहज उतरू शकते, कारण सुधारलेला शब्द पलीकडच्या माणसाला कळला की नाही हे शिकणाऱ्याला त्याच दिवशी समजते. उलट परीक्षेतील गुणांची कसोटी महिन्यांनी, परक्या देशातील वर्गात किंवा दवाखान्यात लागते, आणि तोवर त्या गुणांवर घ्यायचे निर्णय घेऊन झालेले असतात.