पापाची जाणीव

इ.स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेले संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीवर पाने खर्ची घातली आहेत. रात्री मित्रांसह शेजारच्या झाडाची नासपती चोरली आणि डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. मग चोरी का केली? निषिद्ध होती म्हणूनच, हे त्यांचे प्रांजळ उत्तर. मनाची अशी झडती घेणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, आदरास पात्र आहे.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार पापाची ही जाणीव पवित्र आत्मा करून देतो. ऑगस्टिन यांच्या मते ती एका कृत्यापाशी थांबत नाही. आदमचे पाप प्रत्येक माणसात जन्मतःच उतरलेले असते. येथे आपली वाट वेगळी होते. दिव्य कुरआननुसार ह. आदम (अ.) व हव्वा यांनी अपराध कबूल केला, क्षमा मागितली आणि अल्लाहने तौबा स्वीकारली. त्यांचे ओझे आपल्यावर नाही.

पण वारशाने आलेले पाप नाही, याचा अर्थ प्रत्येक पाप आपले स्वतःचेच. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या सांगण्याप्रमाणे श्रद्धावंताला आपले पाप डोक्यावर कोसळू पाहणाऱ्या डोंगरासारखे वाटते, तर दुराचाऱ्याला नाकावरून गेलेल्या माशीसारखे.

आपल्या घरांतील ही माशी कोणती? फज्रनंतर तसबीहवर शंभर वेळा 'अस्तगफिरुल्लाह' म्हणणारा भाऊ बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतो आणि 'तिने राजीखुशीने दिले' असे सांगतो. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही राजीखुशीची कशी? सूरह अन-निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिल्यावर लगेच, या मर्यादा ओलांडणाऱ्यास आगीची ताकीद आहे. इमाम नववी (रह.) यांनी तौबेच्या तीन अटी सांगितल्या आहेत: पाप सोडणे, पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा हक्क बुडवला असेल तर चौथी अट, तो हक्क परत करणे. बायबलमधील जक्कय हा जकातदारही लुबाडलेले चौपट परत करण्यास उभा राहतो, हे येथे आठवते.

वाटणी वीस वर्षांपूर्वी झाली असेल, बहीणही आज हयात नसेल. तरी तिची मुले आहेत, आणि तो हिस्सा आता तिच्या वारसांचा आहे.