झूमचे क्षेत्र आणि पाहणाऱ्याची भूमी

दूरची वस्तू जवळ ओढून पाहणे आणि तिच्याजवळ चालत जाऊन तिला पाहणे या दोन क्रिया एकच की भिन्न, हा प्रश्न वरकरणी छायाचित्रकाराच्या पोतडीतला वाटला, तरी त्याचे मूळ ज्ञानमीमांसेत आणि म्हणून धर्मविचारातही आहे. कारण सत्याकडे आपण जातो की सत्याला आपल्या जागी बोलावून घेतो, याविषयीची आपली समजूत जशी असेल तशीच आपली उपासना, आपला अभ्यास आणि परक्या माणसाशी आपले वर्तन घडत असते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका स्नेह्याने, हाताने फोकस करावयाच्या जुन्या झूम लेन्सांपैकी कोणती घ्यावी, अशी मला पृच्छा केली. त्यास दोन ओळींत फैसला कळविता आला असता. परंतु ज्या मुलखात ती लेन्स वापरली जाणार होती तो मुलूख डोळ्यांसमोर आला, आणि दोन ओळी पुरेनात.

त्याने पाठविलेला तपशील असा. पहिली निक्कॉर ४३–८६, एफ ३.५, ही १९६३ सालची. निकॉनची पहिली लोकप्रिय झूम म्हणून तिला इतिहासात स्थान आहे, पण सरळ रेषा वाकविण्याबद्दल तिची अपकीर्तीही तेवढीच. दुसरी व्हिव्हिटार सिरीज १, ७०–२१०. या व्हिव्हिटार कंपनीने स्वतः लेन्स घडविली नाही, ती जपानी कारखान्यांकडून करवून घेतली, आणि म्हणून जाणकार खरेदीदार आधी अनुक्रमांकाचे आरंभीचे दोन आकडे वाचतो: २२ असल्यास किनो, ३७ असल्यास तोकिना, २८ असल्यास कोमिने. पुराण्या वस्तूंच्या बाजारात वंशावळीला अजूनही मान आहे! तिसरी त्याच कंपनीची ३५–८५, एफ २.८. चौथी निक्कॉर ८०–२००, एफ ४.५, सत्तरीच्या दशकात वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या खांद्यावर मिरवलेली. यांतील पहिली मी तात्काळ वगळली. तिच्यावर अधिक शाई खर्चण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. झूमचे कडे फिरविले किंवा सरकविले म्हणजे दूरचा डोंगर पुढे येतो, आणि आपणच त्याच्याजवळ गेलो असा भास पाहणाऱ्यास होतो. वस्तुतः तसे काहीच घडलेले नसते. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण केवळ कॅमेरा कोठे उभा आहे यावरून ठरते. लेन्स फक्त त्या दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यावयाचा एवढेच ठरविते. ८० मिलिमीटरवर घेतलेल्या चित्राचा मधला भाग कापून अडीचपट वाढवावा, आणि त्याच जागेवरून २०० वर घेतलेले चित्र त्याच्याशेजारी ठेवावे. कणांचा खरखरीतपणा सोडला तर दोहोंची रचना एकच निघते. लांब लेन्स दृश्य चेपते, मागचा डोंगर पुढच्या माणसाच्या खांद्यावर आणून बसविते, असा तिच्यावर जो आरोप केला जातो, त्यात लेन्सचा अपराध नाही. तो दूर उभे राहिल्याचा परिणाम आहे. क्षेत्र बदलले, भूमी बदलली नाही.

जैन दार्शनिकांनी ज्याला नय म्हटले त्याचा विचार येथे उपयोगी पडतो. वस्तू अनंतधर्मात्मक असून प्रत्येक विधान तिच्याकडे एका बाजूने पाहते, हे सांगताना त्यांनी नयांचे भेद केले: सामान्याकडे पाहणारा संग्रहनय, विशेषाकडे उतरणारा व्यवहारनय, केवळ वर्तमान क्षण धरणारा ऋजुसूत्र; आणि सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्का’त या साऱ्यांना द्रव्यार्थिक आणि पर्यायार्थिक अशा दोन मूळ दृष्टींत वाटून दिले. झूम लेन्स हे नयवादाचे यंत्ररूप आहे, असे कोणासही सहज सुचेल, आणि मला हीच सूचना घातक वाटते. एका जागी बसून संग्रहाकडून व्यवहाराकडे, समुदायाकडून व्यक्तीकडे दृष्टी सरकविली म्हणजे नयांतर झाले असे नव्हे. नयांतरासाठी दुसऱ्याच्या भूमीवर उभे राहावे लागते. हे न करता, आपण सर्व बाजू पाहिल्या असे जो म्हणतो त्याचा नय दुर्नय होतो, कारण इतर बाजूंचा निषेध करणे हेच दुर्नयाचे लक्षण आहे.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर घ्या. भूगर्भशास्त्रज्ञाच्या नकाशात तो लोहखनिजाचा साठा आहे. आज तेथे खाण चालू आहे. परिसरातील माडिया गावांच्या दृष्टीने तो ठाकुरदेवाचे स्थान आहे आणि जानेवारीत तेथे यात्रा भरते. रस्त्यावरून २१० मिलिमीटरची लेन्स लावली तर डोंगराची लाल कड भरपूर मोठी येईल, यंत्रे मोजता येतील, यात्रेकरूंच्या माथ्यावरची गाठोडीही दिसतील. पण त्या गाठोड्याच्या धन्यास डोंगर कसा दिसतो, हे त्या चित्रात येणार नाही, कारण तो डोंगराखाली उभा आहे आणि आपण मोटारीपाशी. तो जे पाहतो तेवढेच सत्य, असेही मी म्हणत नाही. लोखंड खोटे नाही. देव आणि धातू या दोन नयांपैकी एकाला दुसऱ्याचा निषेध करण्याचा अधिकार कोणी दिला, एवढाच प्रश्न आहे, आणि तो झूमच्या कड्याने सुटत नाही.

हा दृष्टिदोष छायाचित्रकाराचाच नव्हे. १८६९ साली मेजर ल्युसी-स्मिथ यांनी, हा मुलूख ज्यात मोडत असे त्या चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुली बंदोबस्ताचा अहवाल सिद्ध केला, आणि तेव्हापासून या जंगली मुलखाची कैफियत सरकारी दप्तरात आहे. दप्तराची दृष्टी जिल्ह्यावरून जमीनदारीवर, जमीनदारीवरून मौज्यावर अशी सफाईने उतरते; परंतु दप्तराची खुर्ची जागची हलत नाही. दप्तराचा उपहास करण्याचे मला कारण नाही. त्यावाचून कर आणि न्याय दोन्ही अशक्य. दुसरीकडे मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन १९३२ साली मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहावयास गेले, आणि बस्तरच्या मुरियांच्या घोटुल या युवागृहावरील त्यांचा ग्रंथ १९४७ साली निघाला. त्याआधीच त्यांच्या मतांना मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात कडाडून विरोध केला. एल्विनांनी भूमी बदलली होती, घुर्यांनी संपूर्ण भारतीय समाजाचा विस्तार पुढे ठेवला होता, आणि दोघांनाही समग्र दिसते आहे असे वाटत होते. तेव्हा नुसते चालत जाणेही पुरे पडत नाही. गेल्यावर राहावे लागते, आणि राहिल्यावर ऐकावे लागते. १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्पासाठी हेमलकशास जी मंडळी गेली त्यांनी निदान पहिल्या दोन गोष्टी केल्या, एवढे निश्चित.

मग लेन्सची निवड निरर्थक म्हणावी काय? नाही, कारण लेन्सच्या अंगी एक गुण असा आहे की जो शोधकाच्याही अंगी असावा. खऱ्या झूममध्ये २०० वर साधलेला फोकस ८० पर्यंत मागे आले तरी ढळत नाही. म्हणून जुने छायाचित्रकार आधी कडे लांब टोकाला नेत, डोळ्याच्या पापणीवर किंवा झाडाच्या सालीवर फोकस बांधत, आणि मग हवे तेवढे क्षेत्र उघडत. उलट क्रम केला तर फसगत होते: रुंद टोकाला पुढचे-मागचे बरेच अंतर एकदम स्पष्ट भासते, चूक त्यात लपून राहते, आणि लांब टोकाला जाताच उघडी पडते. समुदायाविषयी आधी सिद्धान्त बांधून मग त्यात माणूस बसविणाऱ्यांचे असेच होते. यादीतील तिसरी लेन्स, व्हिव्हिटार ३५–८५, या कसोटीला उतरत नाही. तिच्यात क्षेत्र बदलले की फोकस पुन्हा बांधावा लागतो. मात्र तिच्या नावातच ‘व्हेरिएबल फोकसिंग’ असे छापलेले आहे, हे तिच्या प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्र समजावे. आजच्या बहुतेक स्वयंचलित झूम तेच करतात आणि सांगत नाहीत.

राहता राहिल्या दोन. व्हिव्हिटार ७०–२१० ला अधिक प्रकाश मिळतो, एफ ३.५ आणि कोमिनेच्या आवृत्तीत रुंद टोकाला २.८, सागवानी जंगलाच्या सावलीत हा लाभ थोडका नव्हे. निक्कॉर ८०–२०० चे छिद्र एफ ४.५, म्हणजे अंधुक, आणि १.८ मीटरच्या आत ती फोकसच धरत नाही. तरीही मी निक्कॉर घेण्याची शिफारस केली. बाजारात ती चांगल्या स्थितीत सापडण्याचा संभव अधिक, हे एक कारण. आणि दुसरे असे की १.८ मीटर म्हणजे सुमारे सहा फूट, आणि सहा फुटांवर उभ्या माणसाचे चित्र त्याला विचारल्यावाचून घेता येत नाही. त्या अंतरावर तो आपणासही पाहतो. देवकार्याचे चित्र घ्यावयाचे तर गायत्याला किंवा पेरमाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, आधी विचारावे, नाही म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवावा, आणि लांब लेन्स आहे म्हणून झाडाआडून डाव साधून घेऊ नये. हे मी स्नेह्याला स्वतंत्र परिच्छेदात लिहिले.

खरेदीपूर्वी टॉर्चचा झोत काचेतून आडवा टाकून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे आणि ती काचेवरचा लेप खाते. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे, आणि लेन्स उभी धरली असता कडे स्वतःच्या वजनाने घसरू नये. जूनपासून तिकडची हवा महिनोन्‌महिने ओली असते; त्या काळात लेन्स कातडी पेटीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावी.